बियाण्याच्या पाकिटातले विद्यापीठ

विद्यापीठे आणि उद्योग यांच्या सहकार्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात करारांची संख्या फार असते. कराराने इकडून तिकडे नेमके काय गेले याची नोंद क्वचित सापडते. या विवेचनाचा रोख त्या दुसऱ्या गोष्टीवर आहे आणि त्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. नायगाव तालुक्यात कृष्णूरला पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. तिथून तासाभराच्या अंतरावर विष्णुपुरीत १९८१ साली सुरू झालेली श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे. तिथेच १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे कापूस संशोधन केंद्र नांदेडातच, आणि शेजारच्या बिलोली तालुक्यात सगरोळीला कृषी विज्ञान केंद्र. ज्ञान निर्माण करणारे, माल तयार करणारे आणि तो वापरणारे असे तिघेही एका जिल्ह्यात बसलेले आहेत. जवळ असले की देवाणघेवाण आपोआप सुरू होते, हा समज मात्र इथे टिकत नाही.

कायद्याने वाट करून दिलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी स्वतंत्र मंडळ आणि संचालक यांची तरतूद झाली. मंडळाला बैठक घेता येते, सामंजस्य करार करता येतो, नवउद्योजकांना जागा देता येते. पण कारखानदार दाराशी येऊन विचारतो तो प्रश्न साधा असतो : तुमच्याकडे मला नेता येईल असे काय आहे? शोधनिबंध नेता येत नाही. नेता येते ते बियाणे, जिवाणू, साचा, प्रक्रिया, यंत्राचा आराखडा, नाहीतर ते जाणणारा माणूस.

माझे म्हणणे असे आहे : विद्यापीठाजवळ दुसऱ्याच्या हाती ठेवण्याजोगी तयार वस्तू असते तेव्हा सहकार्य जुळते. त्या वस्तूच्या पुढच्या रूपांवर विद्यापीठाचा शब्द शिल्लक राहिला तरच ते टिकते. पहिली अट नांदेडने एकदा उत्तम पार पाडली. दुसरी पार पाडली नाही. त्या दोन्हींचा पुरावा एकाच वाणात आहे.

नांदेड-४४

जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस एच-४ हा सी. टी. पटेल यांनी सुरतच्या संशोधन केंद्रात तयार केला, १९७० साली. त्यानंतर देशातल्या कापूस केंद्रांमध्ये संकराची लाटच आली. नांदेड केंद्राने बिकानेरी नर्मा ही मादी आणि एसी-७३८ हा नर घेऊन एनएचएच-४४ हा संकर काढला. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तो प्रसारित झाला आणि 'नांदेड-४४' या नावाने मराठवाड्याबाहेर, आंध्रात आणि मध्य प्रदेशातही गेला.

तो इतका का पसरला, हे नीट पाहण्यासारखे आहे. कोरडवाहू जमिनीत पावसाने मधेच पाठ फिरवली की पात्या-फुले गळतात. या वाणाची ताकद अशी की पुन्हा ओल मिळाली की झाड सावरायचे, नव्याने पाते धरायचे. मावा, तुडतुडे यांसारख्या रसशोषक किडींनाही ते बऱ्यापैकी तोंड द्यायचे. संशोधकाने पैदाशीच्या रानात जे निकष लावले ते नायगाव-बिलोलीच्या काळ्या रानातल्या अडचणीतून आले होते. शेतकऱ्याला 'हे बियाणे घे' म्हणून समजावण्याची फारशी गरजच पडली नाही.

उद्योगाच्या बाजूने पाहिले तर दुसरे कारण दिसते. संकरित बियाण्याचे पीक घेऊन त्यातली सरकी पुढच्या वर्षी पेरली तर झाडे एकसारखी येत नाहीत, उतारा घटतो. म्हणजे शेतकरी दरवर्षी पाकीट विकत घेणार, हे निसर्गानेच ठरवून दिलेले. बियाणे कंपनीला धंद्यासाठी यापेक्षा पक्की हमी नको असते. संकराचे नर-मादी वाण मात्र सार्वजनिक केंद्राचे होते, त्यामुळे ते एकट्याच्या मुठीत जाऊ शकले नाहीत. महाबीजने, म्हणजे २८ एप्रिल १९७६ ला स्थापन झालेल्या अकोल्याच्या महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळाने, ते वाढवले आणि खासगी कंपन्यांनीही वाढवले. महाबीजची रचना इथे लक्षात घेण्यासारखी आहे : तिच्या भागधारकांत राज्य शासन आणि राष्ट्रीय बियाणे निगम यांच्याबरोबर शेतकरी आहेत आणि कृषी विद्यापीठेही आहेत. आज ज्याला 'संयुक्त उपक्रम' म्हणून सादरीकरणात गौरवतात तो महाराष्ट्रात पन्नास वर्षांपूर्वीच कागदावर आलेला होता.

या सगळ्या साखळीत एक कडी नेहमी नजरेआड राहते. कापसाचे संकरित बियाणे हाताने बनते. आदल्या दिवशी दुपारनंतर मादी झाडाच्या उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर खुडायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलाचे परागकण तिच्यावर लावायचे, आणि हे प्रत्येक फुलाला, कित्येक आठवडे. हे काम प्रामुख्याने बायकांनी केले. आंध्र-तेलंगणातल्या प्लॉटांवर शाळकरी मुलींनीही केले, आणि त्यावर पुढे बराच गदारोळ झाला. विद्यापीठाचे ज्ञान आणि कंपनीचे भांडवल यांच्या भेटीत तिसऱ्या कोणाची तरी मजुरी दडलेली असते. ती हिशेबात धरल्याशिवाय 'यशोगाथा' हा शब्द जपून वापरावा.

विद्यापीठाला यातून मिळाले काय? नाव मिळाले. वाणांवर पैदासकाराचा हक्क सांगता यावा असा कायदा २००१ पर्यंत देशात नव्हताच. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा त्या वर्षी आला. त्याआधी स्वामित्वधन मागायचे कोणत्या आधारावर? पैसे मिळाले नाहीत याचे मला तितके वाईट वाटत नाही; सार्वजनिक पैशातून झालेले काम सार्वजनिक राहिले. खरा तोटा वेगळाच होता. वाण बाहेर गेल्यावर त्याचे पुढे काय करायचे हे ठरवण्याच्या टेबलावर विद्यापीठाची खुर्ची नव्हती. त्याचे परिणाम दिसायला २००२ साल उजाडावे लागले.

शरीर आपले, जनुक दुसऱ्याचे

मार्च २००२ मध्ये देशात बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली. मिळाली ती महिकोच्या तीन संकरांना. महिको जालन्याची. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तिची स्थापना केली. आरंभी त्यांनी वाढवलेली पुसा सावनी भेंडी ही दिल्लीच्या सार्वजनिक संशोधन संस्थेची. म्हणजे मराठवाड्यातला हा सर्वात मोठा खासगी बियाणे उद्योगही सार्वजनिक वाणावरच उभा राहिला. फरक पुढे पडला. बारवाल्यांनी लवकरच स्वतःचे पैदासकार नेमले, स्वतःची प्रयोगशेते उभारली. त्यामुळे १९९० च्या दशकात मोन्सँटो कंपनीचे जनुक हाती आले तेव्हा ते देशी संकरांत उतरवण्याची वर्षानुवर्षांची कामगिरी करणारी माणसे महिकोच्या घरात होती. अर्थशास्त्रात कोहेन आणि लेव्हिन्थल यांनी १९९० साली मांडलेली 'ग्रहणक्षमता' ही कल्पना इथे तंतोतंत लागू पडते : बाहेरचे ज्ञान वापरायचे तर आत थोडे तरी स्वतःचे संशोधन चालू असावे लागते. ज्या कारखान्यात एकही संशोधक नाही त्याला विद्यापीठाशी बोलायचे कसे हेच कळत नाही.

बीटी आल्यावर बाजाराचा न्याय झटपट झाला. बोंडअळीला दाद न देणारे बियाणे समोर असताना साधे नांदेड-४४ कोण घेणार? दशक सरता सरता देशातला बहुतेक कापूस बीटी झाला. ज्या संकराची मुळे या मातीत सर्वात खोल होती तोच पाकिटांच्या रांगेतून उठला. वाणात दोष नव्हता. त्यात घालायचे जनुक विद्यापीठाकडे नव्हते आणि ज्यांच्याकडे होते त्यांच्याशी वेळेत व्यवहार झाला नाही.

जनुक मिळवायला दुसरी वाट नव्हती असे नाही. आयआयटी खरगपूरमध्ये तयार झालेले बीटी जनुक जेके ॲग्री जेनेटिक्सने परवान्यावर घेतले आणि २००६ मध्ये त्याला मान्यता मिळाली. शैक्षणिक संस्थेकडून कंपनीकडे तंत्रज्ञान जाण्याचा हा स्वच्छ नमुना. त्याच वर्षी औरंगाबादच्या नाथ सीड्सने मान्यता मिळवली ती चीनमधल्या सरकारी संशोधनातून निघालेल्या जनुकासाठी. मराठवाड्यातली कंपनी जनुकासाठी चीनपर्यंत गेली. तिच्या दारातून नांदेडला जायला अर्धा दिवस पुरतो, पण नांदेडला देण्यासारखे जनुक नव्हते आणि नांदेडने ते मागायला कोणाचा दरवाजा ठोठावल्याचे फळही दिसले नाही.

सार्वजनिक संस्थांनी एक प्रयत्न केला. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ आणि दिल्लीचे जैवतंत्रज्ञान केंद्र यांनी मिळून बिकानेरी नर्मा या सरळ वाणात बीटी जनुक घातले. नांदेड-४४ ची मादी हीच, त्यामुळे बीटी नांदेड-४४ ही ओघाने आले. २००९ च्या हंगामात बियाणे शेतात गेले आणि त्याच वर्षी ते मागे घेण्याची पाळी आली. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये निष्कर्ष दिला की त्या बियाण्यात मोन्सँटोच्या जनुकाची भेसळ होती. विज्ञानाच्या दृष्टीने हा नामुष्कीचा प्रसंग. आपल्या विषयाच्या दृष्टीने तो जास्त बोलका आहे. प्रयोगशाळेत एक रोप तयार करणे आणि लाखो पाकिटांत तेच रोप, दुसरे काही न मिसळता, दरवर्षी भरणे ही दोन निराळी कौशल्ये आहेत. विलगता अंतर, पिढ्यान्पिढ्यांची शुद्धता तपासणी, नोंदींची साखळी हे उद्योगाचे रोजचे काम. विद्यापीठाकडून ते होणार नाही असे नाही, पण ते विद्यापीठाच्या पदोन्नतीच्या गुणतक्त्यात कुठेच बसत नाही, आणि जे गुणतक्त्यात बसत नाही ते काम रेंगाळते.

पुढे महाबीजशी हातमिळवणी करून परभणीच्या विद्यापीठाने नांदेड-४४ चे बीजी-२, म्हणजे दोन बीटी जनुकांचे, रूप आणले. ते आले २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तोपर्यंत गुलाबी बोंडअळीने बीजी-२ ला जुमानायचे सोडले होते : गुजरातेत दशकाच्या मध्यालाच लक्षणे दिसली, आणि २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी ती आपल्या रानात पाहिली. सहकार्याला काळाचे भान नसेल तर काय होते, याला यापेक्षा चांगले उदाहरण शोधायची गरज नाही. करार झाला, वाण झाले, दोन्ही बाजूंनी काम प्रामाणिक झाले. पंधरा वर्षे उशिरा झाले.

किमतीचा भागही यातून सुटत नाही. ४५० ग्रॅमच्या पाकिटातला मोठा वाटा जनुकाच्या मालकाकडे जायचा. २००६ साली आंध्र प्रदेश शासनाने हे प्रकरण मक्तेदारी आयोगापुढे नेले आणि त्यानंतर पाकिटाची किंमत सातशे पन्नास रुपयांवर आली. २०१५ च्या अखेरीस केंद्राने बियाणे किंमत नियंत्रण आदेश काढला. २०१६ च्या हंगामात बीजी-२ चे पाकीट ८०० रुपये ठरले आणि त्यातले जनुकाचे मूल्य ४९ रुपये. जेव्हा विद्यापीठाजवळ पर्यायी वस्तू नसते तेव्हा शेवटी शासनाला किंमत ठरवावी लागते. सरकारी नियंत्रण हे इथे सहकार्य फसल्याचे लक्षण म्हणून वाचावे.

सोयाबीनचे गणित निराळे

नांदेड-लातूरच्या रानांत कापसाची जागा हळूहळू सोयाबीनने घेतली. परभणीच्या विद्यापीठाने या पिकातही चांगले वाण दिले : एमएयूएस-७१, १५८, १६२, ६१२. पैकी १६२ हे यंत्राने काढणीस सोयीचे. पण खासगी कंपन्या इथे कापसासारख्या तुटून पडल्या नाहीत. सोयाबीन स्वपरागीभवनाचे पीक. घरचे बियाणे राखले तरी वाण बदलत नाही. गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवण पाहिली की शेतकरी पेरायला मोकळा. विकत घेण्याची सक्ती नाही, म्हणून नफ्याची हमी नाही. उद्योग कोणत्या संशोधनाच्या शेजारी येऊन बसेल हे बरेचदा फुलाच्या रचनेवर ठरते, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे. याच कारणाने स्वपरागी पिकांचा भार सार्वजनिक यंत्रणेवरच राहणार, आणि 'उद्योगाने अमुक टक्के निधी आणावा' हा निकष सर्व संशोधन केंद्रांना सरसकट लावणे चुकीचे ठरणार.

मग सोयाबीनमध्ये उद्योगाशी जोडणी कुठे? लातूरच्या तेल गिरण्यांत आणि सॉल्व्हंट प्लांटमध्ये. दाण्यात तेल अठरा-वीस टक्के, बाकी बहुतांश पेंड. प्लांटचे खरे उत्पन्न पेंडीच्या प्रथिनावर. मोंढ्यात मात्र सोयाबीनचा भाव ठरतो तो १०-२-२ वर : दहा टक्के ओलावा, दोन टक्के माती-कचरा, दोन टक्के डागी. प्रथिने किती, हे कोणी विचारत नाही. त्यामुळे पैदासकार उताऱ्यासाठी वाण काढतो, शेतकरी उताऱ्यासाठी पेरतो, आणि जास्त प्रथिनाच्या वाणाला जास्त भाव द्यायची पद्धतच नसल्याने प्लांटची खरी गरज मागे विद्यापीठापर्यंत जात नाही. इथे एकही पेटंट लागणार नाही. मोंढ्यात प्रथिने झटपट मोजणारे उपकरण, ते बसवणारी अभियांत्रिकी संस्था, त्यावर भाव द्यायला तयार चार गिरण्या, एवढे जमले तरी पैदाशीच्या रानातले निकष बदलतील.

दुसरा प्रश्न उगवणीचा. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नसल्याच्या तक्रारींचा मराठवाड्यात पूर आला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. सोयाबीनचे टरफल पातळ. मळणीयंत्राचा ड्रम जोरात फिरला की दाणा वरून धड दिसतो, आत अंकुराला मार बसलेला असतो. बियाण्यासाठीची मळणी मिनिटाला चारशेच्या आसपास फेऱ्यांवर करावी, हा सल्ला पत्रकांत वर्षानुवर्षे छापला जातो. पण भाड्याचे यंत्र घेऊन फिरणाऱ्याला तासाचा हिशेब असतो. तो फेरे कमी करणार नाही. सल्ल्याने न सुटणारा हा प्रश्न यंत्राने सुटू शकतो : कमी फेऱ्यांतही वेग न गमावणारा ड्रम. हा यंत्र अभियांत्रिकीचा चांगला प्रकल्प आहे आणि कृष्णूरच्या वसाहतीत करता येईल असे उत्पादन. विष्णुपुरीचे विद्यार्थी दरवर्षी अंतिम वर्षाचे प्रकल्प करतातच.

विष्णुपुरीच्या संस्थेत वस्त्र तंत्रज्ञानाचाही विभाग आहे, आणि नांदेडची जुनी कापड गिरणी मात्र बंद पडलेली. पदवीधर कोइम्बतूर-इचलकरंजीला जातात. लातूर पॅटर्नबद्दलही असेच म्हणता येईल : परीक्षेत राज्यात नाव काढणारी ही पद्धत हुशार मुले गोळा करते आणि बाहेर पाठवते. मुले बाहेर जाण्यात गैर काही नाही. पण त्यांना परत बोलावणारे काम जिल्ह्यात नसेल तर विद्यापीठ-उद्योग साखळीतला सर्वात महत्त्वाचा वाहक, म्हणजे दोन्हीकडची भाषा जाणणारा माणूस, इथे तयार होत नाही.

मधला दुवा

मुंबईत तो तयार झाला होता. १९३३ साली मुंबई विद्यापीठात सुरू झालेला रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे जुन्यांच्या तोंडचा यूडीसीटी, कारखान्यांच्या दाराशीच वाढला. अध्यापकांनी उद्योगांना सल्ला द्यायचा ही तिथे रीत होती, आणि तिथून बाहेर पडलेल्यांनी स्वतःच रसायनांचे कारखाने काढले. विद्यापीठ आणि उद्योग यांच्यात करार करायला कोणी लागले नाही. दोन्ही टोकांना एकाच वर्गातले लोक होते. या संस्थेचे मराठवाडा आवार २०१८ पासून जालन्यात आहे. ही रीत इथे रुजायला मुंबईइतकीच वर्षे लागतील की कमी, हे आजूबाजूच्या कारखान्यांत संशोधकाला नोकरी मिळते की नाही यावर अवलंबून.

जिथे असा नैसर्गिक दुवा नाही तिथे तो बांधावा लागतो. जर्मनीने १९४९ मध्ये फ्राउनहोफर संस्था काढली. तिला शासन साधारण एक तृतीयांश पायाभूत खर्च देते, उरलेले तिने उद्योगांची आणि प्रकल्पांची कामे मिळवून कमवायचे. नायगावहून देगलूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्यांना आणखी जवळचा नमुना लागतो : पाटनचेरूची इक्रिसॅट. तिने २००० साली खासगी बियाणे कंपन्यांचा एक संघ उभारला. कंपन्या वर्गणी देतात आणि त्या बदल्यात ज्वारी-बाजरीच्या संकरांसाठीचे जनक वाण घेतात. पैसे एका कंपनीकडून न येता अनेकांकडून येतात, म्हणून संस्था कोणा एकाची होत नाही. नांदेड-४४ च्या वेळी अशी वर्गणीची पद्धत असती तर २००२ नंतर जनुक विकत घ्यायला हातात थोडे तरी भांडवल राहिले असते, असे माझे मत आहे.

अमेरिकेच्या १९८० च्या बे-डोल कायद्याचा दाखला आपल्याकडे वारंवार दिला जातो. त्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना दिली. त्याच धर्तीचे विधेयक राज्यसभेत २००८ मध्ये आले आणि २०१४ मध्ये मागे घेतले गेले. मला ते गेल्याची फार खंत नाही. आपल्या देशात संशोधन-विकासावर सकल उत्पादनाच्या ०.६४ टक्के एवढाच खर्च होतो, आणि त्यात खासगी क्षेत्राचा वाटा साधारण ३६ टक्के. दक्षिण कोरिया आणि चीनमध्ये तो तीन चतुर्थांशाच्या पुढे आहे. घेणाराच दुबळा असताना विकणाऱ्याला मालकीचा कागद देऊन बाजार उभा राहत नाही. एत्झकोविट्झ आणि लेडेसडॉर्फ यांनी विद्यापीठ, उद्योग आणि शासन अशा तीन पेडांचे प्रारूप १९९० च्या दशकात मांडले. नायगावच्या संदर्भात त्यातली उणीव उघड आहे : बियाणे उगवले नाही, अळीने बोंड पोखरले, तर नुकसान या तिघांपैकी कोणाचेच होत नाही.

अलीकडे नांदेड केंद्राने एनएच-१९०१, १९०२ आणि १९०४ हे बीटी सरळ वाण काढले. सरळ वाण असल्यामुळे शेतकऱ्याला त्यांची सरकी राखून पुन्हा पेरता येते. गुलाबी बोंडअळीचा प्रश्न त्यांनी सुटत नाही, पण दरवर्षीच्या पाकिटाचा खर्च सुटतो. खासगी कंपनीला यात रस का असेल? नसणारच. म्हणून पहिल्या काही हंगामांचे बीजोत्पादन महाबीज आणि तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्या यांच्याकडे द्यावे लागेल, आणि त्या करारात तीन कलमे आधी लिहावी लागतील : शुद्धतेची तपासणी कोण करणार आणि तिच्या नोंदी कोणाकडे राहणार, पुढे या वाणात नवे जनुक घालायचे झाल्यास निर्णयात विद्यापीठाचा आणि उत्पादक कंपनीचा वाटा किती, आणि उगवण झाली नाही तर भरपाई कोणाच्या खात्यातून. यातले तिसरे कलम आजवरच्या बहुतेक सामंजस्य करारांतून गाळलेले असते, आणि मोंढ्यात बियाणे घ्यायला आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो ते तेवढेच.